मराठी साइट गूगलला सापडेपर्यंत

जानेवारी २०२४ मध्ये आकाशनिरीक्षणावरची एक मराठी साइट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या हौशी गटातल्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं तिच्यावर लिहिलं होतं. लेख मेहनतीचे होते, पण शीर्षक जसंच्या तसं गूगलमध्ये टाकलं तरी आमचं पान कुठेतरी खाली यायचं, आणि काही पानं तर यायचीच नाहीत. "एसइओ करून घ्या" असं जो तो सांगायचा (एसइओ, म्हणजे शोधात साइट वर यावी यासाठीची कामं). म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारलं की विषय बदलायचा. ऑक्टोबर २०२५ पर्यंत जे काही केलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. यातलं बरंचसं कुठल्याही भाषेतल्या साइटला लागू पडेल. थोडा भाग खास देवनागरीचा आहे आणि तो मला कुठे एका जागी लिहिलेला सापडला नव्हता.

सगळे सांगतात तशी सुरुवात सर्च कन्सोलपासून केली. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारी गूगलची ही सेवा फुकट आहे. जुनी माणसं तिला अजून वेबमास्टर टूल्स म्हणतात, नाव २०१५ मध्ये बदललं. साइट आपलीच आहे हे तिथे सिद्ध करावं लागतं. एक फाइल सर्व्हरवर ठेवून, होमपेजमध्ये मेटा टॅग घालून किंवा डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक नोंद, टाकून ते करता येतं. मला डीएनएसचा मार्ग हवा होता, कारण 'डोमेन प्रॉपर्टी' त्यानेच मिळते आणि एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले-नसलेले असे सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात.

इथेच पहिला खोळंबा झाला. डोमेन ज्यांच्या नावावर होतं ते काका गट सोडून गेले होते आणि खात्याला जोडलेला ईमेल बंद पडला होता. डोमेन विकणाऱ्या कंपनीने ओळखपत्र मागितलं, मग जुन्या पावत्या मागितल्या, मग काकांच्या सहीचं पत्र मागितलं. हे तिन्ही एकदम मागितलं असतं तर काम लवकर झालं असतं. पाठवलेल्या प्रत्येक कागदानंतर काही दिवस शांतता, आणि मग नवा माणूस, नवी मागणी. फेब्रुवारी त्यातच गेला. तुमची साइट संस्थेची किंवा गटाची असेल तर आजच बघून घ्या, डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे ते. टीएक्सटी रेकॉर्ड टाकायला नंतर पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुसरी टीप: साइटवर लगेच काम करायचं नसलं तरी सर्च कन्सोल आजच जोडून ठेवा. प्रॉपर्टी जोडल्यापासून माहिती जमायला लागते आणि मागचे १६ महिनेच ठेवले जातात. पुढे तुलना करायला जुने आकडे लागतात, आणि ते मागाहून मिळत नाहीत.

मार्चमध्ये 'पेजेस'चा अहवाल उघडला आणि पोटात गोळा आला. निम्म्याहून जास्त पानं इंडेक्सच्या बाहेर. इंडेक्स म्हणजे गूगलची स्वतःची वही. त्यात पान नसेल तर ते पहिलं की शंभरावं हा प्रश्नच येत नाही. कारणांच्या यादीत दोन नावं सगळ्यात मोठी होती: 'डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' आणि 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड'. पहिल्याचा अर्थ, पत्ता कळला आहे पण तिथे जाऊन पाहिलेलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, जाऊन पाहिलं आणि तरीही वहीत घेतलं नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात, म्हणून हा फरक आधी समजून घ्यावा. वर्डप्रेसवर असाल तर त्याहीआधी सेटिंग्जमधलं 'रीडिंग' उघडून सर्च इंजिनांना परावृत्त करणाऱ्या चौकटीत टिचकी नाही ना, एवढं पाहा. आमच्याकडे नव्हती.

पहिल्या यादीचं कारण युआरएल इन्स्पेक्शनमधल्या लाइव्ह टेस्टने सांगितलं: ४०३, प्रवेश नाकारला. साइट माझ्या फोनवर, लॅपटॉपवर व्यवस्थित उघडत होती, फक्त गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) दारातून परत पाठवलं जात होतं, तेही अधूनमधून. होस्टिंगवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडे साइट नीट उघडते आहे." परत लिहिलं, स्क्रीनशॉट जोडला. उत्तर तेच, सही वेगळी. शेवटी सर्व्हरच्या लॉगमधल्या ४०३ असलेल्या ओळी काढल्या, त्यातल्या आयपी पत्त्यांचा रिव्हर्स डीएनएस, म्हणजे पत्त्यामागचं नाव काय, ते पाहिलं (खऱ्या गूगलबॉटचं नाव 'गूगलबॉट डॉट कॉम'ने संपतं, नुसत्या यूजर एजंटवर, म्हणजे बॉट स्वतःचं म्हणून सांगतो त्या नावावर, विश्वास ठेवू नये, ते नाव कुणीही लावतं) आणि तेवढंच कोरडं लिहून पाठवलं. तेव्हा कुठे तक्रार वरच्या माणसाकडे गेली आणि त्याने फायरवॉलचा एक नियम सैल केला. 'माझी साइट गूगलवर दिसत नाही' या तक्रारीने काही हलत नाही. तारीख, वेळ, आयपी आणि स्टेटस कोड दिला की हलतं.

दुसऱ्या यादीचं कारण शोधायला जास्त वेळ लागला, आणि या सगळ्या प्रवासातला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडला.

'क्रॉल्ड' यादीतली बहुतेक पानं जुनी, युनिकोडपूर्व जमान्यातली होती; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. दिसायला ठीक. एकदा मृगातल्या तेजोमेघावरच्या लेखातला एक परिच्छेद कुणाला तरी पाठवायला म्हणून कॉपी केला आणि चॅटमध्ये पेस्ट केला, तर तिथे मराठीचा मागमूस नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच डॉलर. हे लेख जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरी असतं. कुणीतरी तो फॉन्ट साइटमध्येच बसवून ठेवला होता, म्हणून वाचकाला मराठी दिसत होतं. बॉटला फॉन्टशी देणंघेणं नसतं, तो खालची अक्षरं वाचतो. पानाची भाषा गूगल ठरवतं तीही दिसणाऱ्या मजकुरावरून. कोडमध्ये भाषेचा टॅग 'मराठी' लावल्याने त्याच्या लेखी काही बदलत नाही. आमच्या निम्म्या साइटवर त्याच्या दृष्टीने कुठलीच भाषा नव्हती.

म्हणून कुठलीही जुनी मराठी साइट हातात आली की आधी एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. बाकी सगळं नंतर. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफनाही हीच कसोटी लावा.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. कन्व्हर्टर हा क्रम फिरवतो आणि जोडाक्षर आलं की अडखळतो. 'स्थिती'ची वेलांटी 'स्' आणि 'थ'च्या मध्ये अडकलेली, 'सूर्य'चा रफार 'स'वर चढलेला, 'ताऱ्या'तला 'ऱ्य' तर प्रत्येक लेखात नव्या रूपात. खगोलाच्या साइटवर 'तारा' आणि 'सूर्य' हेच शब्द बिघडले तर राहिलं काय! मी नेहमी बिघडणाऱ्या जोड्यांची एक यादी केली, 'शोधा आणि बदला' चालवलं आणि उरलेलं गटातल्या निवृत्त शिक्षिका असलेल्या मावशींनी ओळ न् ओळ वाचलं. एप्रिल ते जुलै. पैसे शून्य, डोळ्यांचं काय झालं ते मावशींना विचारा.

रूपांतर करतानाच परमालिंकचा, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याचा, घोळ लक्षात आला. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि तो २०० चिन्हांवर कापतं. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात जाताना नऊ चिन्हांचं होतं: तीन बाइट, प्रत्येकापुढे टक्का. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं मावतात. 'शनीची कडी दुर्बिणीतून कशी दिसतात' या लेखाचा पत्ता 'शनीची-कडी-दुर्बिणीतून-कश' इथे तुटला होता. गूगलला त्याने फरक पडत नाही, देवनागरी पत्ते त्याला चालतात. माणसांना पडतो. तीच लिंक मेसेजमधून पाठवली की अर्धा पडदा टक्क्यांनी भरतो आणि लोक तिला व्हायरस समजून हात लावत नाहीत. जुने पत्ते मी तसेच ठेवले, कारण चालू पत्ता हौसेखातर बदलू नये. नव्या पानांना मात्र दोन-तीन शब्दांचे छोटे पत्ते दिले. जिथे बदल टाळता येणार नव्हता तिथे ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण) लावला; तो किमान एक वर्ष काढू नये असं गूगलच सांगतं, मी तर कायमचाच ठेवणार आहे.

मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांची यादी, गूगलला नव्याने दिला. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते चालतात, त्यामुळे आमच्यासारख्यांनी ती चिंता करू नये. त्यातले 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रीक्वेन्सी' हे रकाने गूगल वाचत नाही, ते भरण्यात वेळ घालवू नका. महत्त्वाच्या पानांसाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबलं. त्याला रोजची मर्यादा आहे, आणि एकच पान पुन्हा पुन्हा दिल्याने रांग पुढे सरकत नाही.

आणि वाट पाहिली. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा. सर्च कन्सोलचे पक्के आकडे दोन-तीन दिवस मागे असतात, पण मी रोज उघडून बघत होते. ऑगस्टमध्ये एका 'डिजिटल मार्केटिंग' एजन्सीचा फोन आला: महिन्याभरात पहिल्या पानावर आणू, लेखी हमी. दरमहा फी, शिवाय 'बॅकलिंक पॅकेज' (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) वेगळं. त्या दिवसांत मन इतकं उतरलं होतं की मी कोटेशन मागवलं. मग एसइओ नेमण्याबद्दल गूगलने स्वतः काय लिहिलंय ते वाचलं. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही आणि परिणाम दिसायला सहसा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. रँकिंगसाठी विकत घेतलेल्या लिंक त्यांच्या स्पॅम धोरणात बसतात, हेही. कोटेशन तसंच पडून राहिलं. चांगले एसइओ सल्लागार असतात, नक्की असतात. ते आधी तुमची साइट बघतात, मग बोलतात.

सप्टेंबरपासून पानं इंडेक्समध्ये येऊ लागली, आधी दोन-चार, मग भराभर. आता खरा रँकिंगचा प्रश्न सुरू झाला. 'परफॉर्मन्स' अहवालात सरासरी पोझिशन मोठ्या अक्षरात दिसते. तिच्याकडे बघू नका असं मी सांगेन. नवी पानं तळाशी येऊ लागली की सरासरी बिघडते, म्हणजे साइट सुधारत असताना आकडा वाईट दिसतो. मी फिल्टर लावून आठ ते वीस या क्रमांकांमधले शोध वेगळे काढले. जिथे आपण दारापर्यंत आलोच आहोत तिथे थोड्या कामाने फरक पडतो.

उदाहरण देते. 'ध्रुवतारा कसा ओळखावा' या शोधासाठी आमचा लेख दुसऱ्या पानावर होता. लेखाचं शीर्षक होतं 'आकाशातील अचल दीप'. सुंदर आहे, पण ध्रुवतारा शोधणाऱ्याला ते आपल्यासाठी आहे हे कळणार कसं? सुरुवातीला दोन परिच्छेद दर्यावर्दींचे, मग ताऱ्यांच्या तेजस्वितेचं गणित, आणि खरं उत्तर पार खाली. शीर्षक केलं 'ध्रुवतारा कसा ओळखावा? सप्तर्षी आणि शर्मिष्ठेवरून'. पहिल्याच परिच्छेदात उत्तर आणलं: सप्तर्षीच्या चौकोनातले टोकाचे दोन तारे जोडून ती रेष त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण पाचपट पुढे न्या; सप्तर्षी मावळलेले असतील तर शर्मिष्ठेच्या 'एम'वरून अंदाज घ्या. सोबत हाताने काढलेली आकृती, तिला नीट ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन). दर्यावर्दी खाली गेले, काढले नाहीत. मूळ लेखकाला आधी विचारलं. ते जरा नाराज झाले, मग जुनं शीर्षक उपशीर्षक म्हणून ठेवायचं ठरलं. काही आठवड्यांत लेख पहिल्या पानावर आला आणि बहुतेक तिथेच आहे.

शीर्षक बदलताना एक लक्षात ठेवा, गूगल निकालात स्वतःचं शीर्षकही दाखवतं. तुमचं फार लांब किंवा पानाशी न जुळणारं असेल तर ते बदलण्याची शक्यता वाढते. मेटा डिस्क्रिप्शनने (पानाच्या कोडमधल्या छोट्या वर्णनाने) क्रमांक वाढत नाही, पण माणूस क्लिक करतो की नाही ते पुष्कळदा त्यावर ठरतं. कीवर्डचा मेटा टॅग वापरत नाही असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तो भरून देण्याचे पैसे कुणी मागत असेल तर फोन ठेवा.

शोधांची यादी वाचणं हे मात्र व्यसन लागण्यासारखं काम आहे. आमच्या 'दुर्बीण कशी निवडावी' या पानाला इम्प्रेशन (निकालात पान दिसण्याच्या वेळा) भरपूर आणि क्लिक जवळजवळ नाहीत, हे कोडं सुटेना. शोध उघडून पाहिले तर लोक पित्ताशयाच्या 'दुर्बिणीच्या ऑपरेशन'बद्दल विचारत होते. त्यांना आमचं पान न दिसलेलंच बरं. शीर्षकात 'आकाशनिरीक्षणासाठी' हा शब्द घातला, इम्प्रेशन कमी झाले आणि आलेख पडला. असा पडलेला आलेख चांगला असतो.

याच सुमारास उल्कावर्षावाची पानं एकत्र केली. दरवर्षी कुणीतरी ययातीच्या आणि मिथुनेच्या उल्कांवर नवा छोटा लेख टाकायचं, त्यामुळे एकाच प्रश्नाला आमचीच पाच-सहा पानं एकमेकांशी झुंजत होती. प्रत्येक वर्षावाचं एकच कायमचं पान केलं, पत्त्यात वर्ष नाही, जुनी सगळी पानं ३०१ने त्याच्याकडे. आता दरवर्षी तेच पान अद्ययावत करायचं, आणि घटनेच्या आदल्या दिवशी नाही, चांगलं महिनाभर आधी. मिथुनेच्या उल्का १४ डिसेंबरच्या आसपास कमाल असतात. ते पान आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला ताजं केलं.

त्याच काळात गूगलचा एक कोअर अपडेट (क्रमांक ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) ११ नोव्हेंबरला सुरू होऊन ५ डिसेंबरला संपला आणि १२ डिसेंबरला लगेच पुढचा सुरू झाला. आलेख रोज वेगळा. गटातून मेसेज: "काहीतरी कर." मी काहीच केलं नाही, आणि ते कठीण होतं. अपडेट चालू असताना बदल केले की कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. तो पूर्ण झाल्यावर आठवडाभर थांबून आधीच्या काळाशी तुलना करावी. डिसेंबरात मिथुनेच्या पानावर वाचक चांगले आले. ते आमच्या कामामुळे की अपडेटमुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

वेगाचं काम जानेवारी २०२५ मध्ये घेतलं. पेजस्पीड इनसाइट्सवर लाल आकडे बघून घाबरायला होतं. मर्यादा अशा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पानाच्या हलण्याचा आकडा ०.१च्या आत असावा. प्रत्यक्ष वाचकांची आकडेवारी मागच्या २८ दिवसांची असते, त्यामुळे आज केलेली सुधारणा पूर्ण दिसायला महिना जातो. लहान साइटला तर 'पुरेसा डेटा नाही' असंच उत्तर येतं, आम्हालाही आलं. मग मी दोनच गोष्टी केल्या. आकाशगंगेचे कॅमेऱ्यातून थेट चढवलेले अवाढव्य फोटो लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, आणि देवनागरी फॉन्टच्या चार वजनांपैकी (जाड-बारीक रूपांपैकी) दोन काढून टाकली. जोडाक्षरांमुळे आपले फॉन्ट जड असतात, हे बहुतेक इंग्रजी मार्गदर्शकांत नसतं. यापुढे वेगाच्या मागे लागले नाही, आणि तुम्हीही लागू नका असंच माझं मत आहे. वेगामुळे फायदा होतो थोडासा, मजकुरामुळे होतो तो खरा.

लिंकसाठी विनवण्या केल्या नाहीत. छापून घेता येईल असा महिन्याचा मराठी तारानकाशा फुकट द्यायला लागलो, तो शिक्षक आणि ब्लॉगवाले आपणहून जोडू लागले. विकिपीडियावर आपली लिंक घुसवण्याचा सल्ला मला कितीजणांनी दिला. तिथल्या बाहेरच्या लिंकना २००७ पासून नोफॉलो (ही लिंक क्रमांकासाठी धरू नका अशी खूण) लागतो आणि संपादकांचा वेळ जातो तो वेगळा. त्यापेक्षा आपल्याच साइटवर ज्या पानांकडे कुठूनही वाट जात नाही अशी अनाथ पानं शोधा. आमच्याकडे ढीगभर निघाली.

मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली. कडी आपल्याला अगदी कडेने दिसणार होती, म्हणून त्या 'कश'वर तुटलेल्या पत्त्याच्या पानावर आधीच एक भाग जोडला: या वर्षी कडी एखाद्या बारीक रेषेसारखी का दिसतील, आणि तुमची दुर्बीण बिघडलेली का नाही. सप्टेंबरात शनी रात्रभर दिसायला लागला तसे 'शनीची कडी दिसत नाहीत' असे शोध यादीत आले, आणि त्यांच्यासाठी आमचं पान सगळ्यात वर होतं. त्याआधी हे कुणी शोधतच नव्हतं, त्यामुळे कुठल्याही कीवर्ड टूलने ते सुचवलं नसतं.

बिंगचं वेबमास्टर टूल्सही जोडलंय. सर्च कन्सोलमधून सगळं थेट आयात होतं, वेगळी खटपट नाही. केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख, पान आणि कारण मी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये लिहिते, कारण तीन महिन्यांनी आलेख हलला की आठवत काहीच नाही. 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' यादीत अजून काही पानं आहेत. त्यातली बरीचशी जुन्या कार्यक्रमांची दोन-दोन ओळींची निवेदनं आहेत. ती मी तशीच सोडून दिली आहेत. उरलेल्या धूमकेतूंच्या लेखांचं रूपांतर तपासायला मावशींकडे गेलंय.